पोलिसांच्या कारवाईने ट्रॅफिक जॅम खरंच कमी होतो का, की तेवढ्यापुरताच?

चार_किलोमीटर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण मनापासून विचारतोय, ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी वेळ काढून सांगा.

माझ्या आईचं आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस असतं. घरापासून हॉस्पिटल ४ किलोमीटर. जाताना दुपार असते म्हणून १५-२० मिनिटांत पोचतो. येताना संध्याकाळचे साडेसहा सात वाजतात आणि तेवढंच अंतर यायला तास, कधी सव्वा तास. डायलिसिसनंतर माणूस किती गळून जातो हे ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तो तासभर ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसते आणि मी आरशात तिच्याकडे बघत राहतो.

वाटेत एकच मोठा चौक आहे, सगळं तिथेच अडतं. मध्ये पोलिसांनी १५ दिवस मोहीम काढली. जागोजागी माणसं उभी, टोइंग व्हॅन फिरतीये, कागदपत्रं तपासणी, दंड, पेपरात फोटो. पहिले ३-४ दिवस खरोखर २५ मिनिटांत घरी आलो, आईच म्हणाली आज लवकर कसे आलो रे. मग मोहीम चालू असतानाच हळूहळू परत तसंच व्हायला लागलं आणि संपल्यावर तर दुसऱ्याच दिवशी असं वाटलं की काही झालंच नव्हतं.

अजून एक. संध्याकाळी तिथे सिग्नल बंद करून पोलीस हाताने गाड्या सोडतात. एकेका बाजूला चार चार मिनिटं. आपली पाळी आली की बरं वाटतं, पण एकूण हिशोबात त्याचा फायदा होतो का तोटा हे मला कळत नाहीये.

तर विचारायचं असं की कारवाईने कोंडी कमी होते हे खरं आहे का? का फक्त दंड गोळा होतो? आणि होत असेल तर मग ३ दिवसच का टिकतं? मला कोणावर राग काढायचा नाहीये, तिथे उभे असलेले पोलीस धुरात ८-८ तास काढतात ते मी रोज बघतो. पण काय मागायचं हेच माहीत नसेल तर मागणार तरी काय.

सिग्नल_टायमिंग

दादा, आईंची काळजी घ्या. मी सिग्नलच्या वेळा बसवायच्या कामात बरीच वर्षं आहे, जेवढं खात्रीने माहिती आहे तेवढंच सांगतो.

हिरवा दिवा असताना एक लेन तासाला साधारण १८०० गाड्या सोडते, म्हणजे दर २ सेकंदाला एक. हा कारच्या हिशोबाने आकडा, दुचाकी आणि बस मिसळल्या की बदलतो, पण समजायला हाच धरा. तुमच्या बाजूला एकूण वेळेचा तिसरा हिस्सा हिरवा मिळतो असं समजू, मग एका लेनमधून तासाला ६०० आणि दोन लेनमधून १२००. संध्याकाळी तासाला १००० गाड्या येतायत. १२०० ची सोय आहे, काही अडचण नाही. तेवढ्यात कोणीतरी चौकाच्या तोंडाशी गाडी लावतो, दोनच मिनिटात आलो म्हणतो आणि १० मिनिटांनी येतो. त्या १० मिनिटांत आल्या १६७ आणि उरलेल्या एका लेनमधून गेल्या १००. मागे ६७ तुंबल्या. तो निघून गेला तरी ही रांग तिथेच, कारण रस्त्याला जास्तीची ताकद तासाला २०० गाड्यांचीच आहे, म्हणजे ६७ ओसरायला अजून २० मिनिटं. एका माणसाची १० मिनिटं आणि सगळ्या रस्त्याचा अर्धा तास. असे तासाला दोन तीन आले की रांग संपायच्या आत पुढचा येतो आणि मग ती रात्री ९ पर्यंत संपतच नाही.

आता गंमत नाही, मुद्द्याची गोष्ट सांगतो. तीच गाडी चौकापासून २०० मीटर मागे लावली असती तर जवळजवळ काहीच बिघडलं नसतं. कारण तिथे सिग्नल नाही, उरलेली एक लेन सतत वाहती आहे आणि ती एकटी १००० गाड्या आरामात नेते. नियम दोन्हीकडे सारखाच मोडला, दंडही सारखाच, पण एकाने शहर अडलं आणि दुसऱ्याने नाही. म्हणून मोहिमेत किती गाड्या उचलल्या, किती दंड जमला या आकड्यांवरून कोंडीबद्दल काहीच कळत नाही. कुठल्या उचलल्या ते विचारा.

दुसरं ठिकाण म्हणजे चौकाचं पोट. पुढे जागा नसताना हिरवा आहे म्हणून आत घुसायचं आणि दिवा बदलला की आडवं अडकून पडायचं. मग आडव्या रस्त्याला हिरवा मिळूनही जाता येत नाही, त्यांची रांग मागच्या चौकापर्यंत जाते, तो चौक अडतो, असं करत पूर्ण पट्टा थिजतो. ब्रिटनमध्ये यासाठीच १९६७ पासून चौकात पिवळ्या आडव्या तिडव्या रेघांची चौकट आखतात. नियम एका ओळीचा आहे, पलीकडे तुमची गाडी मावेल एवढी जागा दिसत नसेल तर चौकटीत शिरायचं नाही, दिवा हिरवा असला तरी. हा एकच नियम कडक पाळला गेला तर बरंच सुटतं आणि नेमकं यासाठीच कुठे कारवाई होताना दिसत नाही.

हाताने सोडण्याबद्दल जेवून आल्यावर लिहितो, त्याला सविस्तर लिहावं लागेल.

रुंद_रस्ता

माफ करा पण मला हे सगळं मलमपट्टी वाटतं. गाड्याच इतक्या झाल्यात की पोलीस काय करणार? रस्ता तेवढाच आणि गाड्या वाढत चालल्या. उद्या प्रत्येक चौकात १० पोलीस उभे केले तरी गाड्या हवेत विरघळणार आहेत का. गर्दीच्या भागात यायचे पैसे घ्या, मग बघा.

सिंगापूरने १९७५ मध्ये केलं. स्टॉकहोममध्ये २००६ साली ७ महिने करून बघितलं, जानेवारी ते जुलै, हद्दीतून आत बाहेर जाणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली, प्रयोग थांबवला तर पुन्हा वाढली, म्हणून २००७ मध्ये कायमचं चालू केलं. याला म्हणतात उपाय. शिट्टी वाजवून काय होतंय.

सिग्नल_टायमिंग

@रुंद_रस्ता तुमचं म्हणणं मला मान्य आहे, गाड्या कमी होणं हाच मोठा उपाय. पण दोन गोष्टी जोडतो. लंडनने २००३ मध्ये शुल्क चालू केलं, सुरुवातीला कोंडी साधारण ३० टक्क्यांनी कमी झाली, आणि काही वर्षांत वेग परत जुन्या पातळीवर आला. आत येणाऱ्या गाड्या कमीच राहिल्या होत्या तरीही. कारण रस्त्यांची खोदकामं वाढली, काही जागा बस आणि पादचाऱ्यांना दिली गेली. म्हणजे किती गाड्या आहेत याइतकंच त्यांना वाहायला जागा किती मोकळी आहे हेही महत्त्वाचं.

आणि सिंगापूरचं १९७५ चं तुम्ही सांगितलंत ते तर पोलिसी कारवाईचंच उत्तम उदाहरण आहे! तेव्हा कॅमेरे नव्हते. काचेवर कागदी परवाना चिकटवायचा, हद्दीवर उभी असलेली माणसं नुसत्या डोळ्यांनी बघायची, ज्याच्या काचेवर परवाना नाही त्याचा नंबर लिहून घ्यायची आणि नोटीस नंतर जायची. गाडी तिथे अडवायची नाही. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कारवाई म्हटलं की गाडी बाजूला घ्या, कागद काढा, हुज्जत, पावती, आणि हे सगळं होतं वाहत्या लेनमध्ये. कोंडी सोडवायला आलेली कारवाई स्वतःच एक लेन खाते.

जुनी_खाकी

नमस्कार. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं वाहतूक शाखेत. कुठे ते नको, पण जे केलं ते सांगतो, चुकीचंही सांगतो.

वरती सिग्नलवाल्या सरांनी विचारलं कुठल्या गाड्या उचलल्या. बरोबर जागी बोट ठेवलंत. खरं सांगायचं तर मोहिमेत आकडा द्यावा लागतो. संध्याकाळी आकडा वरती जातो, किती केसेस झाल्या. मग माणूस काय करेल, जिथे केस सोपी तिथे जाईल. हेल्मेट नाही, कागद नाहीत, असा माणूस थांबवला की थांबतो, ५ मिनिटांत एक केस. चौकाच्या तोंडाशी गाडी लावून गेलेला मालक जागेवर नसतो. टोइंग बोलवा, ती त्याच जॅममधून येणार, तोवर मालक येतो, वाद घालतो, ओळख सांगतो, फोन लावून देतो. अर्धा तास गेला आणि केस एकच. माझ्या हाताखालच्या पोरांना मी दोष देत नाही, मीच त्यांच्याकडे आकडा मागत होतो कारण माझ्याकडे कोणीतरी मागत होतं. हेल्मेटची केस जीव वाचवते, ती झालीच पाहिजे, पण ती सकाळी मोकळ्या रस्त्यावर करा. संध्याकाळी ६ ते ८ चौकात करू नका, त्याने कोंडीचा एक मीटरही सुटत नाही.

@चार_किलोमीटर तुम्ही विचारलं ३ दिवसच का टिकलं. तुमच्या चौकाचं मला माहीत नाही पण आमच्याकडे असंच व्हायचं. पहिल्या दिवसांत साहेब स्वतः रस्त्यावर असतात, जादा माणसं मिळालेली असतात. चौथ्या दिवशी कुठेतरी सभा, मिरवणूक, कोणाचा तरी दौरा, की निम्मी माणसं तिकडच्या बंदोबस्ताला. उरलेली चौकाच्या मध्ये. आणि गाडी लावणाऱ्यांना हे एका दिवसात कळतं बरं का, दुकानदाराला तर पोलिसाच्या आधी कळतं की आज कोणी येणार नाही.

हाताने गाड्या सोडायचं पण मीच सांगतो, कारण ते मी केलंय. वायरलेसवर विचारतात, तुमची लाईन कुठपर्यंत गेली? ज्या रस्त्याची लाईन मोठ्या साहेबांच्या ऑफिसपर्यंत जाते तो रस्ता आधी सोडायचा. तो सोडला की दुसरीकडून हॉर्न चालू होतात, मग तो सोडायचा. पॉइंटवर उभ्या माणसाला फक्त समोरचं ५० मीटर दिसतं. मागे काय चाललंय, पुढच्या चौकात जागा आहे का, काही दिसत नाही. आपण ४ मिनिटं सोडून पुढच्या चौकाच्या माणसाचं वाटोळं करतो आणि तो आपल्याला शिव्या घालतो.

पण सिग्नल कायम चालू ठेवा असंही मी म्हणणार नाही. अपघात झाला, बस बंद पडली, वीज गेली, अँब्युलन्स आली, तिथे माणूसच पाहिजे, दिव्याला ते कळत नाही.

सिग्नल_टायमिंग

खाकी सरांनी माझं अर्धं काम केलं, त्यांचे आभार. आकड्यांचा भाग मी सांगतो.

दिवा बदलला की दर वेळी साधारण ४ सेकंद फुकट जातात, थांबायचे आणि निघायचे. ४ बाजू म्हणजे एका फेऱ्यात १६ सेकंद. फेरा ६० सेकंदांचा असला तर ४४ सेकंद कामाचे, म्हणजे ७३ टक्के. फेरा १२० चा केला तर ८७ टक्के. बरीच वाढ. २४० चा केला तर ९३. त्यापुढे कितीही लांबवा, हाती काही लागत नाही. म्हणून पोलिसाला जे वाटतं की जास्त वेळ सोडलं की जास्त गाड्या जातात, ते २ मिनिटांच्या फेऱ्यापर्यंत खरं आहे आणि नंतर जवळजवळ खोटं. वेबस्टर म्हणून ब्रिटिश संशोधक होते, त्यांनी १९५८ मध्ये फेरा किती लांबीचा असावा याचं सूत्र मांडलं, आजही सिग्नलचा हिशोब शिकताना तिथूनच सुरुवात होते.

आता तोटा बघा. प्रत्येक बाजूला ४ मिनिटं म्हणजे फेरा १६ मिनिटांचा, म्हणजे १२ मिनिटं तुम्ही लालवर. तुमच्या लेनमध्ये तासाला फक्त ३०० गाड्या येत असल्या तरी १२ मिनिटांत ६० जमतात. एक गाडी मागच्या पुढच्या फटीसकट ७ मीटर धरली तर रांग ४२० मीटर. शहरात दोन चौकांमधलं अंतर बऱ्याचदा त्याहून कमी असतं, म्हणजे रांग थेट मागच्या चौकाच्या पोटात. तिथून पुढे ज्यांना तुमच्या रस्त्याला यायचंच नाहीये ते पण अडकले. दादा, तुमचा तास कदाचित तुमच्या चौकात सुरूच होत नसेल, त्याच्या मागे सुरू होत असेल.

माल_पोचवतो

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी टेम्पो चालवतो, दुकानांना माल देतो. वरती ज्याला सगळे नावं ठेवताय, तोंडाशी गाडी लावून १० मिनिटं जाणारा, तो मी आहे. रोज.

पण मला सांगा मी गाडी कुठे लावू? दुकान चौकात आहे, २५ खोकी आहेत, प्रत्येकी १५ किलो. २०० मीटर मागे लावून डोक्यावरून नेली तर १० मिनिटांचा तास होतो, आणि पुढे अजून ३० दुकानं राहिलेली असतात. मालक म्हणतो दंड पडला तर तुझा तू भर. मी भरतो, महिन्यातून दोन तीनदा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच लावतो कारण दुसरी जागाच नाही. मला पण मागचे हॉर्न ऐकू येतात हो, मी काय आनंदाने नाही करत. ज्यांच्या घरचं माणूस आजारी आहे त्यांना माझ्यामुळे उशीर होतो हे आज पहिल्यांदा असं समोर वाचलं, वाईट वाटलं.

माल उतरवायला ठरलेली जागा द्या आणि वेळ ठरवा, सकाळी ११ च्या आत म्हणा, मी पाळीन. माझ्यासारखे बहुतेक पाळतील. त्यानंतर जो लावेल त्याची गाडी खुशाल उचला.

सिग्नल_टायमिंग

@माल_पोचवतो भाऊ तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि जिथे हे जमलंय तिथे तसंच केलंय. लंडनमध्ये १९९१ पासून काही मोठ्या रस्त्यांवर कडेला लाल रेघा मारायला सुरुवात केली. लाल रेघ म्हणजे थांबायचंच नाही, एक मिनिट पण नाही. पण त्याच रस्त्यांवर माल चढवाय-उतरवायला आखलेल्या चौकटी दिल्या, कोणी, किती वाजता, किती वेळ ते पाटीवर लिहून. बंदी आणि सोय एकदम आली. नुसती बंदी असली की काय होतं ते तुम्ही स्वतःच सांगितलंत, दंड हा धंद्याचा खर्च होऊन बसतो.

स्टिअरिंग_ताई

मी सिटी बस चालवते. माझं गाऱ्हाणं थोडक्यात.

बसथांब्याला बस आत घेता येत नाही कारण तिथे गाड्या लावलेल्या असतात. मग मी लेनमध्येच थांबवते. लोक रस्त्यात उतरतात, म्हातारी माणसं असतात, त्यांना गाड्यांमधून वाट काढत फूटपाथला जावं लागतं. मागचे सगळे हॉर्न मारतात आणि माझ्याकडे बघून हातवारे करतात, बसवाले कसेही थांबतात म्हणून. एका कारने थांबा अडवला आणि माझ्या बसमधल्या ५०-६० माणसांचा वेळ गेला, प्लस मागची पूर्ण लेन.

बसथांब्याची जागा पोलिसांनी संध्याकाळी २ तास जरी मोकळी ठेवली ना तरी माझी एक फेरी वाढेल. ऐकलंय की न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून काही बसच्या पुढच्या काचेलाच कॅमेरे बसवलेत, बसच्या लेनमध्ये थांबलेल्या गाडीचा नंबर आपोआप टिपला जातो. पोलीस पण लागत नाही आणि माझं भांडण पण नाही. असं काही आमच्या बसला लागलं तर मी त्या दिवशी पेढे वाटेन.

वाचन_चालू

@चार_किलोमीटर तुमच्या "३ दिवसच का" या प्रश्नावर एक उदाहरण सांगते, मला ते फार बोलकं वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय आहे त्यामुळे जगभरचे राजनैतिक अधिकारी तिथे राहतात. त्यांना पार्किंगचा दंड भरायची सक्ती करता येत नव्हती. नोव्हेंबर १९९७ ते २००२ या ५ वर्षांत त्यांच्या न भरलेल्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या. मग २००२ च्या अखेरीस नियम आला, ठराविक पावत्या थकल्या की गाडीची खास नंबरप्लेट काढून घेणार. त्यानंतर त्यांच्या न भरलेल्या पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी कमी झाल्या. माणसं तीच, शहर तेच, पार्किंगची जागा काही वाढली नव्हती. फक्त आता सुटका नाही हे कळलं.

म्हणजे दंड १० पट केला म्हणून फरक पडत नाही, पकडले जाणारच ही खात्री पाहिजे. हे १७६४ मध्ये इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंताने लिहून ठेवलंय की शिक्षा किती कठोर यापेक्षा ती चुकणार नाही ही खात्री जास्त धाक बसवते. १५ दिवस जोरात आणि मग वर्षभर काहीच नाही याने लोक एवढंच शिकतात की १५ दिवस जपून राहायचं.

आणि कायम सगळीकडे पोलीस ठेवायला माणसं नाहीत हे खाकी काकांनी सांगितलंच. त्यावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पोलिसांनी वापरलेली एक पद्धत आहे, रस्त्याचे तुकडे पाडायचे, दिवसाचे तास पाडायचे, आणि कधी कुठे पोलिसांची गाडी उभी करायची ते चक्क चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. कोणालाच अंदाज येत नाही. त्यांनी ती अपघात कमी करायला वापरली, पण गाडी लावणाऱ्याला "आज कोणी येणार नाही" हे कळू न देणं इथेही तितकंच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

अवांतर, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९९५ च्या सुमारास मोकुस नावाचे महापौर होते, त्यांनी चौकांमध्ये मूकनाट्य करणारे कलाकार उभे केले. झेब्रावर गाडी घातली की ते नक्कल करून दाखवायचे, लोकांना दंडापेक्षा चारचौघांत लाज वाटण्याची भीती जास्त. आपल्या प्रश्नाला थेट लागू नाही पण माणसाचं मन कसं चालतं त्यासाठी सांगितलं.

रुंद_रस्ता

ठीक आहे, माझं मत थोडं बदललं. गाड्या कमी झाल्या पाहिजेत हे मी सोडत नाही, पण ते व्हायला वर्षं लागतील आणि या दादांच्या आईला येत्या मंगळवारी घरी यायचंय, हे खरं. खाकी काका, मग नेमकं काय करायला सांगायचं? जास्त पोलीस मागायचे का?

जुनी_खाकी

जास्त माणसं मागू नका, मिळणार नाहीत आणि मागितली की अर्ज तिथेच थांबतो. आहे तो माणूस हलवायला सांगा.

माझ्या नोकरीत एका चौकात मी एवढंच केलं होतं. दोन जणांचा पॉइंट होता, दोघे मध्ये उभे राहून हात करायचे. मी सिग्नल चालू ठेवायला लावला, एकाला चौक ओलांडल्यावर पलीकडच्या बाजूला ३०-४० मीटरवर उभं केलं, दुसऱ्याला अलीकडच्या तोंडाशी. पलीकडच्याचं काम एकच, तिथे कोणी थांबू द्यायचं नाही, प्रवासी घ्यायला नाही, फोनवर बोलायला नाही. कारण चौकाचं तोंड मोकळं असून बाहेर पडायची वाट तुंबली की आतला माणूस कितीही हात करो, काही होत नाही. अलीकडच्याने तोंडाशी लागणारी गाडी लागायच्या आधीच हटवायची. लागायच्या आधी! लागल्यावर टोइंग, त्याआधी नुसती शिट्टी पुरते. पावती नाही, वाद नाही. केसेस शून्य. मला वरून विचारणा झाली की तुमच्या पॉइंटवर कामच होत नाही का. मी सांगितलं की साहेब एकदा संध्याकाळी येऊन बघा. ते आले, बघितलं, नंतर विचारलं नाही. पण माझी बदली झाल्यावर पुन्हा दोघे मध्येच आले, हे पण सांगतो.

अर्ज कसा करायचा ते सांगतो दादा. "कोंडी होते, उपाययोजना करावी" असं लिहू नका, असे ढिगाने येतात. तुम्ही दोन संध्याकाळी अर्धा पाऊण तास तिथे उभे राहा, वही घेऊन. किती वाजता, कुठल्या कोपऱ्यावर, काय थांबलं, किती मिनिटं थांबलं, एवढंच लिहा. गाड्यांचे नंबर नको, कोणाचं नाव नको, नाहीतर भांडणं होतील. पलीकडच्या बाजूचंही लिहा. आणि हिरवा असताना किती वेळा गाड्या जागेवरच उभ्या राहिल्या ते मोजा. हा कागद घेऊन पोलीस निरीक्षकांना भेटा, सकाळी भेटा, संध्याकाळी ते रस्त्यावर असतात. मागणी एकच ठेवा, आठवडाभर एक माणूस पलीकडे उभा करून बघा. आठवडा म्हटलं की माणूस हो म्हणतो.

माल उतरवायच्या जागेचा अर्ज वेगळा, तो महापालिकेकडे जातो. रेघा मारणं पोलिसांच्या हातात नसतं.

चार_किलोमीटर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. @माल_पोचवतो भाऊ तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याबद्दल वाचून मलाही पहिल्यांदाच दुसरी बाजू कळली. महापालिकेच्या अर्जावर तुमच्यासारख्या टेम्पोवाल्यांच्या सह्या घेता आल्या तर बघतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे बुधवार आणि गुरुवार उभा राहिलो. आई म्हणाली हे काय नवीन, तिला सगळं वाचून दाखवलं.

दोन्ही दिवस पावणेसात ते साडेसात. जे दिसलं ते मी इतकी वर्षं गाडीत बसून कधी बघितलंच नव्हतं. मी ज्या बाजूला रोज अडकतो तिथे तोंडाशी फार कोणी थांबत नाही! अडचण पूर्ण पलीकडे आहे. चौक ओलांडला की २५-३० पावलांवर लोक कोणाला तरी उतरवायला घ्यायला थांबतात, एक निघाला की दुसरा, बुधवारी ४५ मिनिटांत १४ वेळा, गुरुवारी ११ वेळा. बहुतेक एक दोन मिनिटंच, एकजण मात्र ९ मिनिटं. त्याच्या पुढेच बसथांबा आहे, तिथे बस आत जाऊच शकत नाही, ताई म्हणाल्या अगदी तसंच. आणि पोलिसाने आमच्या बाजूला हात केला तरी आम्ही हलतच नाही असं गुरुवारी ३ वेळा झालं. तो बिचारा शिट्टी वाजवत होता आणि पुढे जागाच नव्हती. त्याची पाठ होती तिकडे, त्याला दिसत नव्हतं.

आज सकाळी कागद घेऊन निरीक्षकांना भेटलो. आधी म्हणाले माणसं कमी आहेत, मी म्हटलं जास्त नको, आहे त्यातलाच एक पलीकडे. वही नीट वाचली त्यांनी, १४ वेळा हा आकडा दोनदा विचारला, कोणी मोजले म्हणून. मग म्हणाले सोमवारपासून आठवडाभर करून बघू, सिग्नल बंद करायचा की नाही ते मात्र त्यांचा माणूस ठरवेल. मी हो म्हटलं.

मंगळवारी आईची पाळी आहे. निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहून ठेवीन, इथेच टाकतो.